साबणाच्या डब्याखालचा रिले

आमच्या न्हाणीघरातला साबणाचा डबा नाहीसा झाला आणि घट बसायच्या आधीच घरात संशयाचं वातावरण पसरलं. डबा पारदर्शक प्लास्टिकचा, एका कोपऱ्याला तडा गेलेला, पण आईनं तो गोंदियाच्या बाजारातून हौसेनं आणलेला होता. त्यामुळे गहू निवडताना, वाती वळताना, कढीला फोडणी देताना तिचं एकच पालुपद चालायचं, "एवढ्या मोठ्या घरात एक साबणाचा डबा टिकत नाई." बाबूजी जेवता जेवता म्हणाले, "उंदरानं नेला असंल." त्यावर आईनं त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "उंदीर आंघोळ करते काय?" मी मान खाली घालून भात कालवत राहिले. डबा कुठे आहे ते मला ठाऊक होतं, आणि सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर डब्याबरोबर बाकीचं सगळंच निघालं असतं, आणि त्या बाकीच्या गोष्टींवरून आमच्या घरात आधीच पुरेसं बिनसलेलं होतं.

आमचं घराणं नोकरीचं. आजोबा कचेरीत पेशकार होते, मोठे काका ट्रेझरीत, धाकटे काका जंगल खात्यात. हिंदी मुलखातल्या बालाघाटात आमच्यासारख्या मराठी घरांत मूल बोलायला लागलं की त्याला दोन गोष्टी शिकवत, देवाला नमस्कार करणं आणि साहेबाला नमस्कार करणं. आईला सोयरीक सांगून आली तेव्हा बाबूजीही नोकरीतच होते. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच त्यांनी नोकरी सोडली आणि रेल्वेच्या छोट्या लाईनीच्या बाजूला, घराच्या मागच्याच जागेत, लोखंड कातायचा एक जुना लेथ टाकून कारखाना काढला. कारखाना हे म्हणायला. पत्र्याचं छप्पर, मातीची जमीन, आणि भाताच्या गिरण्यांचे झिजलेले शाफ्ट, पुल्या, रोलर यांचे ढीग. आईनं तोंडानं कधी काही म्हटलं नाही. पण रोज संध्याकाळी बाबूजी विहिरीवर हात धुवायला बसले की ती त्यांच्या हातांकडे बघायची. रॉकेल लावा, राख लावा, नखांच्या कडेचं काळं काही जायचं नाही. "मले नोकरीवाला म्हून देल्ला होता," असं ती एकदा मावशीला सांगताना मी ऐकलं होतं. त्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो लक्षात राहिला असावा.

गंमत अशी की कारखान्याचं तिच्याइतकं भान कोणालाच नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मशिनींचा आवाज दिवसभर यायचा. चुलीवर चिन्नोर तांदळाचा भात रटरटत असायचा, त्याचा वास अंगणभर पसरलेला असायचा, आणि आई झाकण उचलता उचलता सांगायची, "मोठा लेथ बंद झाला. पट्टा तुटला वाटते." मी जाऊन बघावं तर खरोखरच पट्टा तुटलेला. छोट्या लाईनीची गाडी शिटी मारत गेली की काही वेळ काहीच ऐकू यायचं नाही; तेवढा वेळ आई हातातलं काम थांबवायची आणि आवाज पुन्हा सुरू झाला की पुढे चालू करायची. ती ऐकत असते हे तिला स्वतःला माहीत होतं की नाही, कोण जाणे.

मी जबलपूरहून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन आले तेव्हा आईला वाटलं, चला, घराणं पुन्हा रुळावर आलं. मोठ्या काकांच्या सांगण्यावरून मी परीक्षा दिली आणि सिवनीच्या एका सरकारी कार्यालयात माझी कारकुनाच्या जागेवर निवडही झाली. दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. आईनं माझ्यासाठी दोन सुती साड्या काढून ठेवल्या, उंच टाचेच्या नाहीत पण बऱ्यापैकी चपला घेतल्या, आणि आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली. नेमक्या त्याच सुमारास बाबूजींनी ती मशीन विकत घेतली. नागपूरकडचा एक कारखाना बंद पडला होता, तिथून जुन्या भावात. कपाटाएवढ्या पेटीत बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या हुकमानं चालणारा लेथ. भोकं पाडलेली कागदी पट्टी त्या पेटीला वाचायला द्यायची, की लेथ स्वतःच पुढे जाणार, मागे येणार, एकासारखे एक शंभर तुकडे कातून देणार. "मंदा, तू शिकून आली ना हे?" बाबूजींनी मला विचारलं होतं. मी 'हो' म्हटलं होतं. शिकले होते ते पुस्तकातलं. पण वीस-एकवीस वर्षांच्या वयात माणूस 'हो' पटकन म्हणतो, आणि मला ते 'हो' म्हटल्याचा आजपर्यंत पश्चात्ताप झालेला नाही.

मशीन आली, रुळांवरून ढकलत आत घेतली, आणि अर्ध्या गावानं येऊन पाहिली. नागपूरहून आलेल्या मेकॅनिकनं पेटी उघडून तपासली. भला माणूस होता. त्यानं सांगितलं की बाकी सगळं ठीक आहे, पण मुख्य मोटर चालू करण्याचा हुकूम ज्या जागेतून बाहेर पडतो ती जागा जळलेली आहे. मोकळी अशी एकच जागा बोर्डावर शिल्लक आहे. तीही जळली तर बोर्ड गेला, आणि बोर्ड गेला तर मशीन म्हणजे नुसतं लोखंड. "मालूम करता हूँ, नया कार्ड मिलता है क्या," असं म्हणून तो गेला आणि नंतर त्याचा निरोप आला की तसलं कार्ड, म्हणजे तो बोर्ड, आता कुठेच बनत नाही. मोटर हातानं चालू करावी म्हटलं तर ते जिवावरचं काम. बोर्डाला कळलंच नाही की मोटर थांबली आहे, तर तो हत्यार तसंच उभ्या लोखंडात घुसवणार.

मी बाबूजींना म्हटलं की त्या उरलेल्या जागेतून बाहेरचा रिले जोडता येईल. रिले म्हणजे काय ते त्यांना मी आमच्या अंगणातल्या दोरीवर बसलेली चिमणी दाखवून समजावलं. बोर्डाचा जोर चिमणीएवढा, मोटर म्हशीएवढी. चिमणीनं म्हशीला ओढायचं नाही. चिमणीनं फक्त एक कडी काढायची, म्हणजे दार उघडेल. बोर्ड रिलेच्या गुंडाळीत थोडासा प्रवाह सोडतो, गुंडाळीचं चुंबक होतं, ते एक पितळी पातं टिक् करून ओढतं, पातं समोरच्या टोकाला भिडतं, आणि त्या वाटेनं मोटरच्या मोठ्या स्विचला वीज मिळून तो धाडकन बसतो. "मंग अडचण काय हाय?" बाबूजी म्हणाले. अडचण अशी की रिलेची गुंडाळी सोडताना उलटा झटका मारते, आणि तो झटका बोर्डाच्या त्या एकुलत्या एक जागेला सहन होणार नाही. त्यासाठी गुंडाळीला आडवा एक डायोड लावायचा, वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो सुलटा लावला तर उलटा झटका तिथल्या तिथे फिरून जिरतो. तोच चुकून उलटा लावला तर वीज पहिल्याच दणक्याला त्याच्यातून आडवी पळते आणि आपल्या हातानं बोर्ड जाळल्यासारखं होतं. बाबूजींनी दोरीवरच्या चिमणीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "दसऱ्याले लालबर्र्याचे सेठ येऊन राह्यले, मशीन पाहाले. त्यायच्या चार गिरण्या हायेत. त्या दिवशी चालली तं ठेवू. नाई चालली तं भंगारात देऊ, आन् तू आपली सिवनीले जाय."

इतकं स्पष्ट ते मला एरवी कधी बोलले नव्हते. मशीन भंगारात गेली की माझंही ठरलं. बालाघाट, किरनापूर, लालबर्रा असा सगळा मुलूख पालथा घातला असता तरी त्या मशीनसारखी दुसरी मशीन नव्हती, आणि मशीन नसताना कारखान्यात माझं काय काम? मला काय हवं होतं ते मला पहिल्यांदाच नीट कळलं. टेबलामागे बसून शेरे मारणं मला जमलं असतं, पण मला ती पेटी हवी होती.

नागपूरच्या जुन्या सामानाच्या बाजारात मला हवा तसा रिले मिळाला, पण उघडा. वरचं झाकण कुठेतरी गळून गेलेलं. आमच्या गावात भाताचा कोंडा हवेतच असतो, त्यात कारखान्याची धूळ, म्हणजे झाकण तर हवंच. तर साबणाचा डबा रात्रीबेरात्री नव्हे, भर दुपारी, आई शेजारी गेलेली असताना गेला. रिलेवर तो असा बसला की जणू त्याच्याच मापानं केला होता. तडा गेलेला कोपरा मी मुद्दाम खालच्या डाव्या बाजूला ठेवला. तिथून दोन तारा बरोबर बाहेर येत होत्या. मुन्नालाल मिस्त्री, म्हणजे बाबूजींचा पहिल्या दिवसापासूनचा कारागीर, माझ्या शेजारी दिवा धरून उभा होता. डायोडवरचा पांढरा पट्टा धन तारेकडे आहे ना, हे मी बघितलं, पुन्हा बघितलं, डोळे मिटून उघडून पुन्हा बघितलं. "बिटिया, अब कितना देखोगी, नजर लग जाएगी उसको," मुन्नालाल म्हणाला. अष्टमीच्या दुपारी आम्ही बटण दाबलं. टिक्, आणि त्यापाठोपाठ धाड, आणि मोटरचा भरदार आवाज. त्या दिवशी उपासाची साबुदाण्याची उसळ बाबूजींनी आपण होऊन दुसऱ्यांदा मागितली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी कुठल्याही हत्याराला हात लावत नाहीत, नुसती पूजा करतात, आणि ती पूजा आईची. वर्षाकाठी तेवढ्याच दिवशी ती कारखान्यात पाऊल ठेवायची. हळदीकुंकवाचं ताट घेऊन एकटीच पुढे जायची, मागून बाबूजी नारळ घेऊन. लेथ, ड्रिल, घण, पाने, कानशी, सगळ्यांना तिची हळद, कुंकू आणि ओल्या अक्षता. एकही हत्यार सुटायचं नाही; पेटीत ठेवलेलं असलं तर ती पेटी उघडून लावायची. "मी पुरण वाटायला बसते," असं म्हणून त्या वर्षी मी घरीच राहिले. आईबरोबर त्या पेटीसमोर उभं राहायची मला हिंमत नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी लालबर्र्याचे सेठ आले, पांढरंशुभ्र धोतर, हातात पानाचा डबा. बरोबर त्यांचे मुनीम, शिवाय आमचे दोन्ही काका. काकांना मशीन चालण्यापेक्षा न चालण्यात अधिक रस असावा, असं मला उगाचच वाटत होतं. आईसुद्धा आली होती, सेठसाठी चहा घेऊन. दाराशी उभी राहिली. बाबूजींनी नारळ फोडला आणि म्हणाले, "मंदा, तूच चालू कर." मी कागदी पट्टी लावली, बटण दाबलं. पट्टी सरकली. टिक् असा आवाज आला. त्यानंतर काहीच नाही. पेटीवरचा लाल दिवा लागला आणि मशीन जागीच थांबली.

मी पुन्हा दाबलं. टिक्, आणि शांतता. "बिजली तो है ना?" सेठनी सौजन्यानं विचारलं. मोठे काका खाकरले. बाबूजींच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. आज कोणी मला विचारतं की घाबरलीस का, तर खरं सांगायचं म्हणजे घाबरले, पण त्या टिक् आवाजानंच मला धरून ठेवलं. टिक् होतंय म्हणजे गुंडाळी ओढतेय. गुंडाळी ओढतेय म्हणजे बोर्ड हुकूम देतोय. म्हणजे बोर्ड जिवंत आहे. धाड होत नाही, म्हणजे वाट मध्येच कुठेतरी, पात्याशीच, तुटलीय. मी मेन स्विच पाडला, पेटीचं दार उघडलं, आणि बघते तर साबणाच्या डब्याचा तडकलेला कोपरा उजवीकडे, वरच्या बाजूला. मी तो तसा ठेवला नव्हता.

डबा उचलला. गुंडाळीच्या मधोमध हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचं बोट, व्यवस्थित, देवाला लावतात तसं. आणि पितळी पातं जिथे समोरच्या टोकाला भिडायचं तिथे, बरोबर मध्ये, कुंकवात माखलेला तांदळाचा एक दाणा. पातं प्रामाणिकपणे खाली येत होतं आणि त्या दाण्यावर टेकून थांबत होतं. मी मागे वळून पाहिलं. आई दाराशी, रिकाम्या कपांचं ताट हातात. क्षणभर माझ्या मनात आलं ते लिहायला आजही जड जातं: हिनं मुद्दाम केलं. सिवनीच्या साड्या, चपला, काका, सगळं एका दाण्यात येऊन बसलं होतं. मी चिमट्यानं दाणा काढला, पोस्टकार्डाची कड पात्याखालून फिरवून कुंकू पुसून घेतलं, डबा पुन्हा नीट बसवला. "काय होतं वं?" बाबूजींनी विचारलं. "कचरा होता," मी म्हणाले, आणि लाल झालेली बोटं पदराला पुसली.

या वेळी टिक् आणि धाड एकमेकांच्या पाठीला पाठ लावून आले. मोटर चढत गेली, हत्यार पुढे सरकलं, आणि लोखंडाची पहिली लांब चकचकीत साल वळत वळत खाली पडली. मुन्नालालनं हात जोडले, कोणाला ते कळलं नाही. सेठ तोंडातलं पान चघळायचं विसरले. पहिला तुकडा निघाला, दुसरा निघाला, सेठनी दोन्ही एकमेकांवर ठेवून बघितले आणि हंगामाचं सगळं काम बाबूजींकडे देऊन टाकलं. मोठे काकासुद्धा "बरं हाय, बरं हाय" असं दोनदा म्हणाले. मी मात्र दाराकडे बघत होते. आई कधीच निघून गेली होती.

संध्याकाळी सीमोल्लंघनाहून माणसं परतायला लागली, अंगणात आपट्याच्या पानांचा सडा पडला. पुरणपोळ्या, वड्या, कढी असं सगळं झालं, बाबूजी पाहुण्यांना दारापर्यंत पोचवायला गेले, आणि चुलीशी आम्ही दोघीच उरलो. आईनं मला सोनं दिलं. मी वाकून नमस्कार केला. पानं माझ्या हातातच होती तेव्हा ती म्हणाली, "कुंकवाले कचरा म्हणते काय, मंदा?"

मी पानं पदराच्या टोकाला बांधायला लागले.

"बोटं लाल दिसली तुही. मले समजलं तेव्हाच." तिनं निखारे मागे ओढले. "ते पेटीचं दार उघडलं तं आतमधी माहा साबणाचा डबा. आधी तं असा राग आला! उचलला, तं खाली तांब्याची एवढीशी गुंडी, बारकं पितळेचं पातं. मुन्नालालले इचारलं, तं म्हणे, ये बिटिया ने बनाया है. म्हटलं, तुह्या बापाच्या समद्या लोखंडाले इतके वर्ष लावत आली, तुह्या कामाले काहून कोरडं ठेवू?"

"आन् डब्याचं काही बोलली नाहीस?"

"नवमीच्या दिवशी भांडू काय?" ती म्हणाली. मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "तुले वाटलं असंल, मी मुद्दाम केलं."

खोटं बोलावं असं मनात आलं, पण तिच्यापुढे जमलं नाही. "हौ," मी म्हणाले.

"वाटणारच. मलेबी वाटलं असतं." तिनं पदरानं कढीचं पातेलं उतरवलं. "सकाळी मी घरीच बसणार होती. पर मोटरीचा आवाज ऐकाचा होता मले, जवळून. आला नाई, तं तो येईपर्यंत मी दारातून हालली नाई, पोरी." इतकं बोलून ती उष्टी काढायला बाहेर गेली. मी चुलीसमोर बसून रडले. मुद्दाम केलं असं वाटल्याबद्दल की तसं नव्हतं म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मुन्नालाल मशिनीवर होतो, तेव्हा मोठ्या लेथच्या पलीकडून आई येताना दिसली. पूजा नव्हती, सण नव्हता, हातात ताटही नव्हतं. बाबूजींनी हातातलं काम थांबवलं. लोखंडाच्या सालींतून पदर सावरत ती पेटीपर्यंत आली आणि कागदात गुंडाळलेली वस्तू माझ्यापुढे धरली. नवा साबणाचा डबा. सकाळी दुकान उघडायच्या आधीच दुकानदाराला उठवून आणलेला.

"याचं झाकण घट्ट हाय," ती म्हणाली. "पुढच्या दसऱ्याले उघडत नाई मी. वरूनच लावीन."

पुढच्या दसऱ्याला मी तिथेच असणार, हे तिनं असं ठरवून टाकलं, आणि माझ्या काळ्या झालेल्या हातांकडे एकदा बघून ती भात टाकायला निघून गेली. तो रिले नंतर कितीदा बदलला, मशीनही बदलली, पण तो नवा डबा मी अजून ठेवलाय. झाकणावर कुंकवाचा इतका जाड थर बसलाय की आतलं काही दिसत नाही. सिवनीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. जुन्या साबणाच्या डब्याचा मात्र ती शेवटपर्यंत काढत राहिली.